आधी पिशवी रिकामी करा : अनेक औषधे घेणारे ज्येष्ठ रुग्ण आणि काउंटरवरचा फार्मासिस्ट

रोज पाच किंवा त्याहून अधिक औषधे घेणे याला वैद्यकीय परिभाषेत 'पॉलिफार्मसी' म्हणतात, आणि उतारवयात हा आकडा गाठायला फारसे काही घडावे लागत नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, मधुमेहाची एक, कोलेस्टेरॉलची एक आणि या सगळ्यांचा पोटाला त्रास होऊ नये म्हणून पित्ताची एक, की पाच झाल्या. पाच औषधांमधून दोन-दोनच्या १० जोड्या होतात आणि औषधे १० झाली की जोड्या ४५ होतात; म्हणजे गोळ्या दुप्पट होतात तेव्हा त्यांचे आपसात बिनसण्याच्या जागा साडेचार पट होतात. हृदयरोगतज्ज्ञाने हृदयापुरते, अस्थिरोगतज्ज्ञाने गुडघ्यापुरते आणि त्वचारोगतज्ज्ञाने खाजेपुरते बरोबरच लिहिलेले असते, मात्र या तिन्ही चिठ्ठ्या एकाच नजरेखाली येण्याची जागा बहुधा औषधांचे दुकानच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जी जागतिक मोहीम सुरू केली, तिच्या तीन अग्रक्रमांमध्ये पॉलिफार्मसीचा समावेश आहे. काम मात्र शेवटी एका रुग्णासमोर उभे राहून, मिळेल त्या पंधरा-वीस मिनिटांतच करायचे असते.

पोटात जाणारी यादी

चिठ्ठीवरची यादी वेगळी आणि प्रत्यक्षात पोटात जाणारी यादी वेगळी, आणि आपल्याला गाठ घालायची आहे ती दुसरीशी. हे एक काम नीट झाले तर पुढची बरीच कामे आपोआप समोर येतात. ते अर्धवट राहिले तर परस्परक्रिया तपासणारे संगणकावरचे कितीही चांगले साधन निरुपयोगी ठरते, कारण त्याला चुकीचीच यादी भरवलेली असते.

रुग्णाला घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगावे, आणि 'सर्व' म्हणजे काय हे फोड करून सांगावे : फ्रिजमधली, पलंगाशेजारची, पर्समधली, डोळ्यांत घालायचे थेंब, इनहेलर, मलम, पोट साफ होण्याचे चूर्ण, टॉनिक, जडीबुटीची औषधे, आणि कोणीतरी 'मला फार गुण आला' म्हणून दिलेल्या गोळ्या. 'औषधे आणा' एवढेच सांगितले तर लोक डॉक्टरांनी लिहिलेली तेवढीच आणतात. अंगदुखीची किंवा सर्दीची गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडतच नाही. याच कारणाने 'आणखी काही घेता का?' या प्रश्नाला जवळजवळ ठरलेले उत्तर 'नाही' असे मिळते. त्याऐवजी 'गुडघे फारच दुखले तर काय घेता?', 'झोप लागत नाही त्या रात्री काय करता?', 'पोट साफ झाले नाही तर?' असे एकेक प्रसंग धरून विचारावे.

पिशवी काउंटरवर रिकामी झाली की बोलण्याआधी दोन मिनिटे नुसते पाहावे. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे असतात, ज्यांवरचे औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही कापून गेलेली असते. अर्ध्या केलेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत असतात. एकाच बाटलीत दोन रंगांच्या गोळ्या मिसळलेल्या असतात. महिन्याभराची म्हणून दिलेली पाकिटे तीन महिन्यांनीही अर्धी भरलेली असतात, आणि ही न संपलेली पाकिटे रुग्णापेक्षा अधिक प्रामाणिकपणे बोलतात. तीसपैकी बावीस गोळ्या शिल्लक दिसल्या तर 'तुम्ही नियमित घेत नाही' असे म्हणू नये. 'आजी, या गोळीने काही त्रास होतो का?' असे विचारावे. चक्कर येते, सारखे लघवीला जावे लागते, महाग पडते, किंवा 'बरे वाटत होते म्हणून थांबवली' यांपैकी एखादे कारण मग सहज बाहेर येते, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो.

एकाच औषधाची दोन व्यापारी नावे हा या पिशवीतला सर्वांत नेहमीचा धोका आहे. माझ्या काउंटरवर एका आजींच्या पिशवीतून निळ्या आणि लाल अक्षरांची दोन पाकिटे निघाली होती. दोन डॉक्टरांनी दोन वेळी लिहिलेली, दोन्ही पाच मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची. पायांना सूज आणि उठल्यावर अंधारी, या दोन्ही तक्रारी त्यांनी वयाच्या खात्यावर टाकल्या होत्या. पॅरासिटामॉलच्या बाबतीतही हेच होते, कारण ते तापाच्या, सर्दीच्या आणि अंगदुखीच्या संयुक्त गोळ्यांमध्ये वेगवेगळ्या नावांनी दडलेले असते. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅमची असली तरी कमी वजनाच्या, अशक्त ज्येष्ठाला त्याहून कमीच द्यावे लागते. म्हणून यादी करताना व्यापारी नावाखाली औषधाचे मूळ नाव लिहिण्याची सवय कधीही सोडू नये. प्रत्येक औषधापुढे ताकद, रुग्ण ते प्रत्यक्षात कसे घेतो, कशासाठी घेतो, कोणी लिहिले आणि केव्हापासून चालू आहे हेही लिहावे. 'कशासाठी' या रकान्यात रुग्णाला आणि आपल्यालाही काही सुचत नसेल, तर त्या औषधावर खूण करून ठेवावी.

यादी वाचताना

पहिला प्रश्न असा विचारावा : यातले एखादे औषध दुसऱ्या औषधाच्या दुष्परिणामासाठी तर दिलेले नाही? ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी येते, लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढून अंगठा ठणकतो आणि त्यासाठी आणखी एक गोळी लागते. स्मरणशक्तीसाठी दिलेल्या डोनेपेझिलने लघवी रोखता येईनाशी होते, मग मूत्राशय शांत करणारे औषध सुरू होते, आणि हे दुसरे औषध नेमके पहिल्याच्या उलट दिशेने काम करते. एनालाप्रिलसारख्या औषधाने आलेल्या कोरड्या खोकल्यावर महिनोन्महिने कफ सिरप चाललेले कोणत्याही अनुभवी फार्मासिस्टने पाहिलेले असते. उतारवयात नव्याने उद्भवलेली कोणतीही तक्रार, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, औषधामुळे असू शकते असे धरून चालावे.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा, आणि येथे थोडे गणित करावेच लागते. ज्येष्ठांमध्ये स्नायू कमी झालेले असल्याने रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, कमीच दिसते आणि अहवाल वाचून दिशाभूल होते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र आजही औषधांचे डोस ठरवताना वापरतात : १४० मधून वय वजा करावे, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे आणि स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणावे. ८० वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.० आले, तर अहवालात त्यावर कोणतीही खूण नसते. सूत्र मात्र मूत्रपिंडाची मिनिटाला सुमारे ३५ मिलिलिटर एवढीच गाळण्याची क्षमता दाखवते. या पातळीवर डिगॉक्सिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि रक्त पातळ करणारी काही नवी औषधे यांचे डोस पुन्हा तपासावे लागतात. क्षमता ३०च्या खाली गेल्यावर तर मेटफॉर्मिन देतच नाहीत.

मूत्रपिंडाला घेरणारे त्रिकूटही लक्षात ठेवावे : रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीचे औषध, सोबत लघवीची गोळी, आणि त्यात गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. पहिली दोन डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली असतात. तिसरे अनेकदा चिठ्ठीशिवाय, आपल्याच फळीवरून गेलेले असते. जुलाब-उलट्या लागल्यावर हेच त्रिकूट मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकते. म्हणून अशा रुग्णाला पोट बिघडल्यास किंवा खाणेपिणे थांबल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लघवीची, रक्तदाबाची आणि मेटफॉर्मिनची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे विचारायला आधीच सांगून ठेवावे.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही आपण स्वतःकडे थोडे कठोरपणे पाहायला हवे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी जुनी ॲलर्जीविरोधी औषधे तरुणाला थोडी झोप आणतात, पण ज्येष्ठाला त्यांनी गोंधळल्यासारखे होते, लघवी तुंबते, बद्धकोष्ठता होते आणि तोल जातो. त्यातच आधीपासून ॲमिट्रिप्टिलिन किंवा मूत्राशयाची गोळी चालू असेल, तर हे परिणाम एकावर एक चढतात. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारलेली 'बिअर्स' निकषांची यादी ही औषधे ज्येष्ठांसाठी टाळण्यासारखी मानते. त्याच यादीत शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड आणि डायझेपामच्या कुळातील झोपेच्या गोळ्याही आहेत. ही यादी थांबून विचार करण्याची खूण म्हणून वापरावी. बंदीचा हुकूम म्हणून तिच्याकडे पाहिले तर आपणच एखाद्या रुग्णाचे नुकसान करून बसू.

गेल्या वर्षात पडल्याचा प्रसंग आला होता का, हे प्रत्येकाला विचारावे. दुकानात रक्तदाबमापक असेल तर रुग्ण पाच मिनिटे निवांत बसल्यावर एकदा आणि उभा राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर झोपेची, रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची औषधे एकत्र मांडून डॉक्टरांच्या नजरेस आणावीत.

मेथोट्रेक्सेट मात्र वेगळेच प्रकरण आहे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले गेल्यामुळे रुग्ण दगावल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. 'आठवड्यातून एकदा' एवढे लिहून थांबू नये. वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहावा, रुग्णाकडून तो वदवून घ्यावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगावा. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याला वेदनाशामक किंवा मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्साझोल यांपैकी काही सुरू झाले, तर औषध हातात देण्यापूर्वीच फोन उचलावा.

यादीत काय नाही हेही पाहावे. तीव्र वेदनेसाठी अफूवर्गीय औषध चालू आहे आणि पोट साफ होण्याचे काहीच नाही, असे दिसले तर ती उणीव दाखवून देणे हेही याच कामात येते.

डॉक्टरांशी बोलताना

औषध बंद करणे किंवा डोस बदलणे हा आपला अधिकार नाही, आणि रुग्णासमोर 'हे कोणी दिले?' असा चेहरा करणेही योग्य नाही. एकदा विश्वास उडालेला रुग्ण सगळीच औषधे सोडून देतो. खूण केलेल्या गोष्टींपैकी धोक्याची एक किंवा दोन निवडावीत आणि फोन करताना निरीक्षण, आधार आणि सूचना एवढ्याच क्रमाने बोलावे : 'आपल्या रुग्णाच्या पिशवीत पाच मिलिग्रॅम ॲम्लोडिपिनची दोन पाकिटे आहेत, आज उभ्याने रक्तदाब १०० वर ६० आहे, पायांवर सूज आहे. एकच पाकीट चालू ठेवायचे का?' अशा फोनला तीस सेकंदांत उत्तर मिळते. बारा मुद्द्यांचे पत्र मात्र वाचायचे राहून जाते. मिळालेले उत्तर तारखेसह नोंदवावे.

औषधे कमी करायची ठरली तर एका वेळी एकच कमी करावे, म्हणजे काही बिघडल्यास कशामुळे बिघडले ते कळते. मेटोप्रोलोलसारखी हृदयाची औषधे, क्लोनिडिन, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, फिट्सची औषधे आणि झोपेच्या गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे असते, हे रुग्णालाही स्पष्ट सांगावे.

दिवसात बसणारे वेळापत्रक

घड्याळाच्या वेळा लिहून देण्यापेक्षा रुग्णाचा दिवस विचारून घ्यावा : उठतो केव्हा, पहिला घास केव्हा, दुपारी झोपतो का, रात्री कोण सोबत असते. मग औषधे त्या दिवसात बसवावीत. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास दूर. लघवीची गोळी सकाळी, कारण रात्री अंधारात स्वच्छतागृहाकडे जातानाच माणसे पडतात. सिम्व्हास्टॅटिन रात्री, ॲटोरव्हास्टॅटिन मात्र कोणत्याही एका ठरलेल्या वेळी चालते, त्यामुळे ते जेथे गर्दी नसेल तेथे सरकवता येते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे ॲलेंड्रोनेट पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ज्यांना एवढा वेळ बसता येत नाही, त्यांना ते औषध झेपणार नाही असे डॉक्टरांना कळवावे. दिवसातून सहा वेळा गोळ्या घेणारा रुग्ण सहसा अशा मांडणीने तीन-चार वेळांवर येतो, आणि विसरण्याचे प्रमाण तेथेच पुष्कळ घटते.

सात दिवसांचा, चार कप्प्यांचा डबा उपयोगी आहे, पण तो देताना एक सावधगिरी फार थोडे लोक बाळगतात. आजवर अर्ध्याच गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी 'रक्तदाब अजून वाढलेलाच आहे' असे म्हणत डोस वाढवून दिलेला असतो. डबा आल्यावर तो प्रथमच सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊ लागतो आणि चौथ्या दिवशी रक्तदाब किंवा साखर एकदम खाली येते. म्हणून डबा सुरू करताना डॉक्टरांना कळवावे आणि पहिले दोन आठवडे रक्तदाब व साखर मोजत राहावे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, गरजेनुसार घ्यायची वेदनाशामके आणि आठवड्याचे मेथोट्रेक्सेट डब्यात घालू नये. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, हे वाक्य डब्याच्या झाकणावरच चिकटवावे.

गिळायला त्रास होतो म्हणून घरी गोळ्या कुटल्या जातात. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एका घटकेत रक्तात उतरतो, आणि पँटोप्राझोलसारख्या आवरणाच्या गोळ्या जठरातच नष्ट होतात. तेव्हा कोणती गोळी अखंडच गिळायची ते यादीवर लिहावे आणि सिरप मिळते का ते पाहावे. डोळ्यांचे दोन वेगवेगळे थेंब पाच मिनिटांच्या अंतराने घालावेत. इनहेलर घेणाऱ्याला तो आपल्यासमोर घेऊन दाखवायला सांगावे. बहुतेक चुका तेथे डोळ्यांनीच दिसतात.

सगळे सांगून झाल्यावर 'समजले ना?' असे विचारू नये, कारण मोठी माणसे भिडेखातर होकार देतात. 'आजोबा, मी नीट सांगितले की नाही ते मला कळू द्या. उद्या सकाळी उठल्यापासून कोणती गोळी कधी घ्याल ते मला सांगा' असे म्हणावे. चूक झालीच तर ती आपल्या सांगण्यात झाली असे धरून पुन्हा सांगावे.

रुग्णालयातून घरी आल्यावर

सर्वाधिक गोंधळ याच आठवड्यात होतो. घरी येताना नवी चिठ्ठी हाती असते, घरात जुनी पाकिटे असतात, आणि रुग्ण दोन्ही घेतो. डिस्चार्जचा कागद आणि आपल्याकडची जुनी यादी शेजारी ठेवून प्रत्येक औषधापुढे 'चालू', 'बदलले', 'बंद' किंवा 'नवे' लिहावे. कशाचाही उल्लेख राहिला असेल तर तो विसरून राहिला की मुद्दाम वगळला हे विचारून घ्यावे. तेथे काही दिवसांपुरती सुरू केलेली पित्ताची, झोपेची किंवा स्टेरॉइडची गोळी कधी थांबवायची याची तारीख नसेल, तर ती मिळवावी. बंद झालेली पाकिटे त्याच दिवशी घरातून बाहेर निघायला हवीत, आणि ती कशी टाकावीत हेही आपणच सांगावे.

त्यानंतर सातव्या दिवशी एक फोन करावा. नवे औषध सुरू झाले का, काही नवीन त्रास वाटतो का, आणि डब्यात आज कोणता कप्पा रिकामा आहे, एवढे तीन प्रश्न पुरतात. तिसऱ्या प्रश्नासाठी रुग्णाला फोन हातात धरून डब्यापर्यंत चालत जावे लागते आणि म्हणून त्याचे उत्तर सहसा खरे असते. सर्व औषधे एकाच तारखेला संपतील अशी सांगड घातली तर महिन्यातून एकदा भेट ठरून जाते. पूर्ण पिशवी वर्षातून किमान एकदा पुन्हा पाहावी, आणि पडणे, रुग्णालयात दाखल होणे किंवा वजन झपाट्याने घटणे यांपैकी काही झाले तर लगेच. दर वेळी नव्या यादीच्या दोन प्रती काढाव्यात, एक दुकानातल्या फाइलला आणि एक रुग्णाच्या पाकिटात. दोन्हींवर तारीख घालावी आणि पाकिटातली जुनी प्रत त्याच्यासमोरच फाडून टाकावी.